मशीनीतला विनीत

आमच्या गावात "ओ सरपंच" म्हणून कुणी हाक मारली तर मी मान वर करत न्हाई. कावून म्हणाल, तर सरपंच मीच हाय. हसू नका. ग्रामपंचायतीच्या पाटीवर ठळक लिवलंय, 'सरपंच : सौ. रोहिणी सुंदरराव'. निवडून मी आले, गुलाल माझ्या डोस्क्यावर पडला, कितीतरी दिवस केसातून निघत नव्हता. पण हाक आली की "काय रं" म्हणत उठतात ते आमचे मालक. गावानं त्यांना 'सरपंचसाहेब' करून टाकलंय आणि मला 'वहिनी'. ऑफिसातली मोठी फिरती खुर्ची त्यांची. बाजूला पाहुण्यांसाठी प्लास्टिकची हाय, ती माझी. पंधरा ऑगस्टला तेवढा झेंडा माझ्या हातून चढवत्यात, कारण त्या दिवशी फोटो वर पाठवावा लागतो.

पण ही गोष्ट माझी न्हाई. ही रईसची हाय. माझं त्यात जे काय आलं ते ओघानं आलं.

रईस आमच्या ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. नाव मोठं, पगार येतो तवा येतो. दाखले काढायचे, सरकारी साईटवर माहिती भरायची, आणि साईट बंद पडली की लोकांच्या शिव्या खायच्या, ही नोकरी. त्याचे अब्बा जमीलभाई मांजरसुंब्याच्या चौकात सीताफळं घेऊन बसतात. आम्मी रहेमतबी घरी गोधड्या शिवते. रईस शिकून पुण्याला गेलता, तितं एका कंपनीत कॉम्प्युटरची मोठमोठी मशीनं सांभाळायचा. त्याच्या तोंडून ऐकाल तर अर्धं पुणं सकाळी हा उठवायचा तवाच उठायचं. मंग एवढं सोडून हितं कावून आला? तर म्हणतो, अब्बांचा गुडघा दुखतो. जमीलभाईंना विचारलं तर ते स्वतःच्या गुडघ्याकडं असं बघतात की त्यांना ही बातमी आत्ताच कळली.

खरं काय ते मला रहेमतबीनं सांगितलं. गोधडीचा टाका घालता घालता म्हणाली, "क्या बताऊं बाई, कोई सिस्टिमडी थी वहां. उसके पीछे साहब से झगडा करके आया."

मला वाटलं, आसंल पुण्याची कुणी पोरगी. रईसला मी हळूच विचारलं, "का रं, मनातून गेली का न्हाई अजून?" तो म्हणला, "कोण भाभी?" मी म्हणलं, "तीच. सिस्टिमडी." बाई बाई बाई! पोरानं असं तोंड केलं की जणू मी त्याला मेलेल्या उंदराचा चहा दिला. मंग पुढं निम्मा दिवस मला ऐकावं लागलं ते वेगळंच.

सिस्टिमडी ही पोरगी न्हाई. त्याचं असं हाय की मशीन चालू केलं की आतमधी सगळ्यात आधी एक जण उठतो. त्याला इनिट म्हणत्यात. त्याचा नंबर एक. तो बाकीच्यांना उठवतो, कामाला लावतो. पयल्या काळचा इनिट लई सरळ माणूस, रईस सांगत व्हता. एकामागं एक सगळ्यांना उठवायचा आणि झालं की गपचीप कडंला बसायचा. मंग हा सिस्टिमडी आला. हा बी एक नंबरवर बसतो, पण कडंला बसणं ह्याला ठाऊक न्हाई. आत कोण आलं, कोण गेलं, घड्याळात किती वाजले, कुणी काय बोललं त्याची नोंद, बाहेरचा संपर्क, सगळं ह्याच्या हातात पाहिजे.

"सगळ्यात तोंड घालतो भाभी, सगळ्यात!" रईस टेबलावर हात आपटत म्हणला. "अरे, तुझं काम काय, तू करतो काय! असल्या हुकूमशहाच्या हाताखाली मी काम करणार न्हाई म्हणलो साहेबाला, आणि आलो निघून."

तेवढ्यात दारातून आमचे मालक आत आले. रईस ताडकन उभा राहिला, स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं फिरती खुर्ची पुसली आणि म्हणला, "बसा सरपंचसाहेब, चहा सांगू?" हुकूमशहा चालत न्हाई म्हणणारा माणूस. मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले.

आता कामाचं सांगते. आमच्या डोंगरवस्तीवर अंगणवाडी हाय. तिथली मदतनीस वच्छलाबाई. लेकरांची खिचडी शिजवायची म्हणलं की ती पाणी डोक्यावर घेऊन वर चढते, घाटाखालच्या विहिरीपासून. पाय घसरून दोनदा पडली, एकदा तर कळशी एकीकडं आणि वच्छलाबाई एकीकडं. निवडणुकीत मी वस्तीवर गेलते तवा ती म्हणाली व्हती, "मत देते पोरी, पण पाणी दे." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. पुढं गावाला एक बोअर मंजूर झाला. ग्रामसभेत ठराव झाला, अंगणवाडीच्या अंगणातच पाडायचा. सगळ्यांनी हात वर केले, आमच्या मालकांनी सगळ्यात उंच.

पण मशीनीतून सही झाल्याशिवाय काम सुरू होत न्हाई. सही म्हंजे आता शाईची न्हाई. बोटाएवढा डोंगल असतो, तो कॉम्प्युटरला खुपसायचा, पिन टाकायचा, की झाली सरपंचाची सही. ह्या सहीची गंमत म्हंजे तिला सगळं लागतं, फक्त सरपंच लागत न्हाई. माझ्या नावाचा डोंगल पयल्या दिवसापासून मालकांच्या जीपच्या किल्लीला लटकतोय. पिन बी त्यांनीच ठरवला. सांगते काय ठरवला ते, दम धरा.

तर झालं असं की मालकांनी कुणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स पेनड्राइव्हात आणून ऑफिसच्या मशीनीत घातले. पुढाऱ्याबरोबर व्हायरस बी आला. मशीन पार आडवं झालं. रईसला तर तेच पाहिजे व्हतं. आधीचं विंडोज सगळं पुसून त्याच्या जागी त्यानं लिनक्स टाकलं. लिनक्स फुकट असतं म्हणल्यावर मालक बी खूश. लिनक्सच्या बी जाती-पोटजाती हायेत म्हणं, एकेकीत इनिट वेगळं. रईसनं त्यातून एक निवडून आणली, कारण पुण्यातल्या दोस्तानं सांगितलं व्हतं की हिच्यात अजून जुनं इनिट हाय, सिस्टिमडीचं नाव न्हाई. दोस्तानं सांगितलं ना, झालं. आपल्याकडं मुलगी बघताना सुद्धा एवढा विश्वास कुणी ठेवत न्हाई.

मशीन चालू झालं, दाखले निघायला लागले, पण डोंगल काय चालंना. त्या दिवशी ऑफिसात मालक व्हते, मी व्हते आणि ग्रामसेवक भाऊसाहेब व्हते. भाऊसाहेबांची एक खासियत हाय. दोघांत वादाचा वास आला की त्यांना खोकला येतो.

रईस म्हणला, "साहेब, डोंगलसाठी एक प्रोग्राम टाकावं लागतं. ते दोन तऱ्हेचं येतं. जुन्या इनिटवाल्या मशीनीला एक, सिस्टिमडीवाल्याला दुसरं. आधी बघावं लागंल, आपल्या मशीनीत इनिट कोण हाय."

मालकांनी मोबाइलातून मान सुद्धा वर केली न्हाई. "विनीत? त्यात बघायचं काय बे? विनीत मीच की."

"साहेब?"

"गणपतीच्या फ्लेक्सवर विनीत कोण? जत्रेच्या पत्रिकेवर कोण? कपिलधारच्या पायथ्याला आपण कमान लावली त्याच्यावर कोण? 'आपला विनीत, सुंदरराव'. मशीनीत बी तेच टाक. वर फोटो टाक, तो पांढऱ्या शर्टातला."

"विनीत न्हाई साहेब, इनिट, इनिट."

"तेच की. पुण्याला तसं म्हणत असतील."

भाऊसाहेबांना खोकला आला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण तोंडाकडं बघितलं असतं तर हसले असते. विनीत म्हंजे नम्र. आमच्या मालकांच्या नम्रपणाचा फ्लेक्स चौकात लागतो तवा त्याच्या सावलीत दोन रिक्षा उभ्या राहतात.

शेवटी रईसनं मशीनीला 'पीएस' म्हणून काहीतरी हुकूम दिला. पडद्यावर चालू कामं एकाखाली एक आली. सगळ्यात वर एक नंबर, आणि त्याच्यापुढं एक शब्द, त्याच्या शेपटीला 'इनिट'.

"बगा!" रईस खुर्चीतून उठलाच. "एक नंबरवर कोण? इनिट! दोस्त खोटं बोलला न्हाई. जुना, इमानदार माणूस!" आणि त्या आनंदात त्यानं जुन्या इनिटवालं प्रोग्राम टाकलं.

डोंगल चालला न्हाई. रईसनं तो काढून फुंकला, शर्टाला पुसला, परत घातला. मशीन बंद करून चालू केलं. मंग निवाडा दिला, डोंगलच खराब हाय, नवीन मागवावा लागंल. आपली माहिती चुकली असंल हे त्याच्या मनात सुद्धा आलं न्हाई. ज्या गोष्टीचा त्याला लई अभिमान व्हता, तीच त्यानं धड बघितली न्हाई.

मालकांनी डोंगल परत किल्लीला अडकवला. मला वाटलं चिडतील. ते तर शीळ घालत जीपमधी बसले. आमचे मालक मशीन बिघडल्यावर शीळ घालत असतील, तर कुठंतरी काहीतरी शिजतंय.

शिजत काय व्हतं ते मला घरातच कळलं. मांजरसुंब्याच्या रस्त्याला मोहनरावांचा ढाबा हाय. मोहनरावांचा शब्द तालुक्यात चालतो आणि मालकांना पुढं जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. ते फोनवर सांगत व्हते, "काळजी सोडा. ठरावात दुरुस्ती करून ठेवलीया. अंगणवाडीजवळ खडक लागतोय म्हणून बोअर तुमच्या ढाब्यामागं. मशीन चालू झालं की सही आपल्याच खिशात हाय."

मी भाकरी थापत व्हते. ती भाकरी तव्यावर गेली ती तशीच करपली. मी म्हणलं, "आवं, तितं खडक कुणी बघितला?" तर म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतंय? तू सरपंच हायस का?"

ऐका. नवरा सरपंच बाईला विचारतो, तू सरपंच हायस का. आणि मी त्यावर खाली मान घालून दुसरी भाकरी थापायला घेतली, ह्याचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा त्यांचा बी आला न्हाई.

दिवस जात राहिले. वरून निरोप आला की महिनाअखेर सही झाली न्हाई तर बोअर दुसऱ्या गावाला जाणार. वच्छलाबाई रोज विहिरीवरून वर चढताना आमच्या दारात थांबायची. भांडायची न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. नुस्ती कळशी खाली ठेवून दम खायची आणि माझ्याकडं बघायची.

मंग एक दिवस मालक कुणाच्यातरी सत्काराला अंबाजोगाईला गेलते, तवा मी सरळ ऑफिसात गेले आणि रईसला म्हणलं, "मला दाखव ते कसं बघितलंस."

"काय भाभी?"

"मशीनीत इनिट कोण हाय ते. मला सगळं सांग."

त्यानं परत तोच हुकूम दिला, परत तीच ओळ दाखवली. "ये देखो. एक नंबर, इनिट."

मी म्हणलं, "हे तर नाव झालं."

"नाव हाय म्हंजे तोच हाय ना भाभी."

"आसं का? मंग बाहेर जाऊन पाटी वाच. 'सरपंच, सौ. रोहिणी'. त्यावरून सांग बरं मला, गावाची सही कुणाच्या खिशात हाय?"

मी तर रागानं बोलले व्हते, मशीनीतलं मला काय कळतंय. पण त्याच्या डोळ्यात काहीतरी हाललं. तो हळूच बसला आणि त्यानं 'एलएस' म्हणून दुसरा हुकूम दिला. म्हणला, हे त्या इनिटच्या नावामागं खरं काय ठेवलंय ते सांगंल. ओळ आली. तिच्यात इनिट व्हतं, आणि त्याच्यापुढं एक बाण.

"हा बाण कुठं चाललाय?" मी विचारलं.

मीच वाचलं, अंबाजोगाईच्या कॉलेजात तेवढं इंग्रजी झालं व्हतं. बाणाच्या टोकाला सिस्टिमडी बसला व्हता.

त्यानं तिसऱ्या तऱ्हेनं विचारून बघितलं. एक नंबरवर जो बसलाय त्याचं खरं नाव तेवढं सांग. मशीननं एकच शब्द सांगितला. सिस्टिमडी.

"या अल्ला," रईस म्हणला. "लिंक हाय भाभी. इनिट हे नुस्तं नाव हाय. पाटी. आत तोच बसलाय, पयल्या दिवसापासून! मी रोज सकाळी ह्याला उठवतो आणि मलाच पत्ता न्हाई!" त्यानं कपाळाला हात लावला. ज्याच्यासाठी पुणं सोडलं तो गडी ह्याच्याआधी गावात येऊन बसला व्हता. मला हसू आलं, असं आलं की डोळ्यातून पाणी आलं. आणि मंग ते पाणी थांबंना, आणि आता हसू न्हाई हे माझं मला कळलं. मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

रईसनं जुनं प्रोग्राम काढलं, सिस्टिमडीवालं टाकलं. ह्या खेपेला ते उठलं. "आता फक्त डोंगल लावायचा," तो पडेल आवाजात म्हणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक हजर. मशीन चालू झालं म्हणल्यावर न्याहारी सुद्धा केली न्हाई. जीप खिडकीसमोर लावली, फिरत्या खुर्चीत बसले, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. भाऊसाहेब दुरुस्ती केलेला ठराव उघडून बसले. मी माझ्या प्लास्टिकवर. दारात वच्छलाबाई आणि वस्तीवरच्या दोघीतिघी. त्यांना मीच निरोप दिलता. कशाला दिलता ते विचारू नका, माझ्याकडं काय बेत नव्हता. एवढंच वाटलं की शब्द मोडायचाच आसंल तर त्यांच्या तोंडावर मोडला जाऊ दे.

भाऊसाहेबांनी सहज विचारलं, "काय झालतं रं रईस? डोंगल खराब म्हणत व्हतास."

रईसला असं विचारायचं नसतं. तो सुरू झाला.

"डोंगल चांगला हाय साहेब, फसलो मी. एक नंबरच्या खुर्चीवर नाव लिवलंय इनिटचं. पण ते नुस्तं बसवलेलं नाव हाय. त्याला कुणी काय विचारत न्हाई. मागून सगळा कारभार दुसराच बघतो. चालू-बंद त्याच्या हातात, कुणाला आत घ्यायचं ते तोच ठरवणार. आणि बाहेरचा माणूस पाटी वाचून म्हणतो, वा, काय इनिटचं राज्य हाय!"

वच्छलाबाईनं पदर तोंडात कोंबला. मालकांचं तोंड बिब्बा उतल्यासारखं लाल झालं.

"आणि बेशरम किती बगा," रईस रंगात आलता, "स्वतःचं नाव कुठं लावत न्हाई! दुसऱ्याच्या नावावर..."

"रईस," मालक म्हणाले, "काम कर."

"करतो की सरपंचसाहेब, पण भाऊसाहेबांनी विचारलं म्हणून."

भाऊसाहेबांना जो खोकला लागला तो थांबंना. रईसनं त्यांना पाणी दिलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं नव्हतं, अल्लाशपथ कळलं नव्हतं. मशीनीबद्दल बोलत व्हता बिचारा.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रईस, मंग ते पाटीवरचं नाव काढून टाकलं तर?"

तो दचकला. "नको भाभी! मशीन उठणारच न्हाई."

"कावून? काम तर दुसराच करतो ना?"

"करतो. पण मशीन जागं झालं की हाक मारतं ती इनिटच्या नावानं. सिस्टिमडी म्हणून त्याला कुणी बोलवतच न्हाई. तो आत शिरतो तो त्या नावाच्या दारातनं. ते दार काढलं की मशीन 'इनिट कुठाय, इनिट कुठाय' करत भ्यायल्यासारखं जागच्या जागी थांबतं. मंग सिस्टिमडी कितीबी मोठा आसू दे, पडला कोपऱ्यात."

आई गं! इतके दिवस मला वाटायचं, हे हायेत म्हणून मी सरपंच हाय. हे उलटं हाय असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हणलं, "भाऊसाहेब, एक कोरा कागद द्या."

खोकला थांबला. त्यांनी कागद दिला. मी टेबलाजवळ गेले, मालकांच्या समोरचा पेन उचलला आणि वर लिवलं, 'मा. सभापती, पंचायत समिती'. खाली लिवलं, 'विषय : सरपंच पदाचा राजीनामा'.

"अगं, हे काय करतीस?" मालक खुर्चीतून अर्धे उठले.

"नाव काढून घेते."

"येडी झालीस का? लोकांसमोर काय हे?"

"तुमीच विचारलं ना, तू सरपंच हायस का? मी विचार केला, न्हाई तर न्हाई. मंग पाटीवर कशाला? उद्यापासून फेरनिवड. जागा बाईसाठी राखीव हाय, तुमाला काय उभं राहता येणार न्हाई. नवी बाई यील, तिचा नवरा त्या खुर्चीवर बसंल. मोहनरावांना सांगा, आता त्याला जेवायला घालत जा."

मालकांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेब म्हणाले, "बाईंचं कायद्यानं बरोबर हाय." त्यांच्या उभ्या नोकरीत पयल्यांदा ते न खोकता बोलले.

मालक म्हणाले, "रोहिणी, घरी बोलू."

"घरी भाकरी करपतीया," मी म्हणलं आणि डावा हात पुढं केला. उजव्या हातात पेन तसाच.

शेवटी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं सरकवला. मी डोंगल काढून घेतला, जीपची किल्ली त्यांना परत दिली. चोरी कशाला करायची? ती त्यांचीच हाय.

"दुरुस्ती काढा भाऊसाहेब," मी म्हणलं. "ग्रामसभेचा ठराव लावा. जागा, अंगणवाडीचं अंगण."

डोंगल लावला. मशीननं पिन विचारला. मालक छातीवर हाताची घडी घालून बसले, ओठात थोडं हसू. त्यांना वाटलं, आता हिला पिन माझ्याकडनंच मागावा लागंल. मी सांगितलं व्हतं ना, दम धरा म्हणून. मोबाइलापासून एटीएमपर्यंत ह्यांचा आकडा एकच, जीपचा. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर जीप उभी. सगळ्या तालुक्याला लांबून वाचता यावा म्हणून नंबर केवढ्या अक्षरात रंगवून घेतलाय त्यांनी! मी एक आकडा बघायचा, एक दाबायचा, असं करत पिन पुरा केला.

सही झाली. पडद्यावर माझं नाव आलं, आणि त्याच्यापुढं कुठला बाण नव्हता. रईसला म्हणलं, आता पिन बदल. तो मान फिरवून उभा राहिला, मी नवीन टाकला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, डोकं खाजवत म्हणला, "भाभी, मी म्हणतो हे लिनक्स बी बदलू. एक दुसरं हाय, त्यात खरोखर जुनं इनिट असतं."

"ते बी दोस्तानं सांगितलं का?"

"न्हाई न्हाई, ह्या वेळी टाकायच्या आधी बघतो. बाण बी बघतो."

मी डोंगल मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवत व्हते. तेवढ्यात दारातून वच्छलाबाईनं हाक मारली, "ओ सरपंच!"

"काय गं?" म्हणत आमचे मालक सवयीनं उठले.

वच्छलाबाई म्हणाली, "तुमाला न्हाई दादा, तुमी बसा. सरपंचाला बोलवलं."